नाण्यांची वाटणी

"क्रिप्टोची सगळी नाणी माझी," दुष्यंत मध्यस्थ बाईंना ठणकावत होता. "हा नुसता चहा प्यायला यायचा."

हा म्हणजे वल्लभ. दोघांनी मिळून कंपनी काढली होती. आता कोर्टात ते एकमेकांचं नावही घेत नव्हते.

"आधी डिजिटल तिजोरी उघडून दाखवा," बाई म्हणाल्या.

ती फक्त दुष्यंतच्या आवाजावर उघडायची. पासवर्ड दोघांनी उद्घाटनाच्या पूजेला हसत हसत रचला होता. दुष्यंतचा चेहरा पडला. "इथं? सगळ्यांसमोर?"

"आढेवेढे कसले घेताय? बोला!" त्याचाच वकील खेकसला.

मान खाली घालून दुष्यंतने लॅपटॉपला उखाणा ऐकवला :

"आमच्या नाण्याला ना छापा, ना काटा,
वल्लभचं नाव घेतो, निम्मा त्याचा वाटा."

तिजोरी उघडली. वकिलाने कपाळावर हात मारला.

"मिटलं," म्हणत बाईंनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "आता एकमेकांना घास भरवा."