पालथे दगड

"अगं, निम्मा दिवस गेला माझा! पण बघ, कसे लख्ख झालेत."

सून दारातच थबकली. टेबलावरचा मोठा ट्रे रिकामा होता. सासूबाईंनी जुन्या टॉवेलवर दगड वाळत घातले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीने. दगडांनी झाकलेला वाळवंटाचा हातभर तुकडा सुनेने खालच्या मातीसकट जसाच्या तसा त्या ट्रेमध्ये उचलून आणला होता. उद्या सकाळी तो संग्रहालयात काचेखाली जायचा होता.

"आई, माती?"

"रिकाम्या कुंडीत टाकली. वाया कशाला घालवायची? आणि एका बाजूचं काळं काही केल्या निघेना बाई. घासून घासून हात भरून आले. शेवटी पालथे घातले."

सुनेला रडू फुटायचं, ते हसूच फुटलं. "आई, ते काळं चढायला हजारो वर्षं लागतात. घासून कसं निघेल?"

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे वाटोळंच केलं की मी तुझं."

नशीब, कुंडीला अजून पाणी घातलं नव्हतं. दोघींनी जमिनीवर बसकण मारली. माती पुन्हा ट्रेमध्ये आली. फोनमधल्या फोटोत बघून सून जागा दाखवायची आणि सासूबाई दगड शोधायच्या. "हा नाकाडा इथला. आणि ही बुटकी त्याच्या शेजारी." प्रत्येक दगड काळी बाजू वर करून बसत होता.

"पण काय गं, वाळवंटातली धूळ वारा उडवून नेतो, म्हणून वर दगड तेवढे उरतात ना?"

"थोडी नेतो. पण आणतोही. ती फटींतून दगडांखाली शिरते, साचत जाते आणि त्यांना हळूहळू वर उचलते. दगड वर दिसतात ते तिच्याच जिवावर."

"अगं बाई! आणि मी जन्मभर तिला झटकत आले."

शेवटचा दगड जागेवर बसला. सुनेने फोटो आणि ट्रे ताडून पाहिले आणि सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. राग केव्हाच गेला होता. या बाईवर तिचा फार जीव होता.

दुसऱ्या दिवशी ट्रे काचेखाली ठेवून ती घरी आली. फरशी, खिडक्या, कपाटं, सगळं चकचकीत होतं. तिच्या टेबलाला मात्र कुणी हात लावला नव्हता.

"तुझ्या टेबलावरची धूळ ठेवलीय हो तशीच," सासूबाई आतून ओरडल्या. "बघू या, काय काय वर येतं ते."