रुप्याची साक्ष

सून पाण्याला नदीवर जाते, हीच सत्यभामाबाईंची तक्रार होती. तीही अंगणात उभं राहून, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशी करायच्या.

"दारात बांधीव विहीर, अन् सून चालली गावाबाहेर घागर घेऊन! लोक काय मनतीन? पाटलानं विहीर नाई, शेतातलं बुजगावणं उभं केलं मनतीन."

कौशल्या नजर खाली वळवून उभी होती. डोक्यावर भरली घागर, कडेवर दोन वर्षांचा बापू.

"आत्याबाई, आपल्या पाण्याले सडक्या अंड्यावाणी वास येते."

"अन् तुह्या माहेरच्या पाण्याले केवड्याचा येत होता काय वं?"

ओसरीवरचे गडी हसले. कौशल्या आत गेली.

ही विहीर नवीच. समुद्रापल्याड कुठंशी गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या काळ्या रानाला भाव आला. लोकांनी बैलांच्या शिंगांना रुप्याच्या शेंब्या बसवल्या. सत्यभामाबाईंनी मुलाकडे, खुशालराव पाटलाकडे, विहीर मागितली. "रुपं चोर नेते. विहीर कोण नेईन?"

खणताना काळ्या चिखलात पिवळे चकचकीत खडे लागले. खणणाऱ्यांनी सोनं समजून उपरण्यात बांधले. बाईंनी त्यातला एक चुलीत टाकला. निळी ज्योत उठली, गंधकाचा ठसका लागला, आणि मागं गेरूसारखी लाल राख उरली.

"घ्या तुमचं सोनं," बाई म्हणाल्या. "भिंतीले सारवा."

पुढं पाणी लागलं, त्यालाही तोच वास. त्या पाण्यात बापूला न्हाऊ घातलं की त्याच्या पायांतले रुप्याचे वाळे काळे पडत. चिंचेनं घासले की तेवढ्यापुरते पांढरे. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोळसा. आणि रुपं काळं पडलं की पाण्यात विष, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक. कौशल्येचं पहिलं पोर पाळण्यातच गेलं होतं. दुसऱ्याच्या बाबतीत ती कुणाचं ऐकायला तयार नव्हती. नदीकाठी महादेवाच्या देवळापाशी जुनी विहीर होती. तिचं पाणी गोड. तिथं वाळे कितीही धुवा, तसेच पांढरे राहत.

खुशालरावाच्या पोटात कळ यायची म्हणून अकोल्याचे वैद्य चिंतामणशास्त्री आले, तेव्हा बाईंनी त्यांना आधी विहिरीवर नेलं. शास्त्रीबुवांनी चिखलातला पिवळा खडा उचलला, हुंगला.

"हे माक्षिक. लोखंड आणि गंधक यांनी एकमेकांना धरून ठेवलंय. गंधक पाण्यात उतरतो आणि रुप्याला चिकटतो. रुपं काळं झालं म्हणजे गंधक भेटला, एवढंच. विष नाही. निर्धास्त प्या."

"आयकलं?" बाई सुनेकडे वळल्या.

"शास्त्रीबुवा तं अकोल्याले जातीन," कौशल्या पदराआडून पुटपुटली. "पाणी माह्यं लेकरू पेईन."

वैद्य गेल्यावर सत्यभामाबाई बराच वेळ ते काळे वाळे हातात घेऊन बसल्या. मग उठल्या, सुनेची मातीची घागर उचलली आणि उंबऱ्यावर आपटून फोडली. "बापूच्या डोक्यावर हात ठेव. घरचंच पाणी पाजीन मन."

कौशल्येनं हात ठेवला. त्यानंतर ती नदीकडे गेलेली कुणी पाहिली नाही.

बाईंचा तोरा मात्र उतरला नाही. नातवाचं न्हाणं आता त्यांनी स्वतःकडे घेतलं. संध्याकाळी त्याला कडेवर घ्यायचं, तांब्या उचलायचा आणि महादेवाला जायचं. "तुह्यावर सोडलं तं पोरगं देव ओळखणार नाई," असं सुनेला ऐकवून जायचं. हल्ली वाळे पांढरे राहत. कुणी विचारलं तर बाई म्हणत, "घासाले मनगटात जोर लागते."

चैत्रात पातूरकडून कापसाच्या गाड्यांची रीघ लागली. गाडीवान देवळापाशीच गाड्या सोडायचे. तिथंच न्हायचे, तिथंच धुवायचे. त्यांच्यातला एक तिथंच ओकून मेला. मग गावात पटकीची साथ शिरली. नदीकाठचं पाणी भरणारी घरं एकामागून एक बसली. मरीआई त्या विहिरीत उतरली, असं गाव बोलू लागलं.

सत्यभामाबाईंच्या घरात वीस माणसं घाण वासाचं पाणी पीत होती. एकालाही पटकी शिवली नाही. बापू तेवढा सकाळी ओकला आणि दिवस मावळायच्या आत गेला.

तिसऱ्या दिवशी खुशालरावानं अंगणात गाडी जुंपली. कौशल्येला नांदगाव खंडेश्वरला माहेरी घालायचं, कायमचं.

"साऱ्या घरात एकटं बापूच कसं गेलं?" तो म्हणाला. "अन् वाळे पांढरे कसे? घरच्या पाण्यात रुपं पांढरं राह्यते काय? तुनं चोरून नदीचं पाजलं."

"बापूची आण, नाई पाजलं."

"मेलेल्याची आण घेऊ नको."

कौशल्या रडली नाही. तिनं गाठोडं उचललं आणि सासूसमोर जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, तुमी सांगा. तुमी मनसान तं बसतो गाडीत."

सत्यभामाबाई खांबाला धरून उठल्या. आवाज तोच, चार घरांना ऐकू जाणारा.

"बैल सोड, खुशाल. अन् तू आयक, कौशल्ये. तुह्या हातून चूक झाली, ते एकच. तू माह्यं आयकत बसली, पोरी. अन् म्या तुह्यं आयकलं, रोज सांजच्याले, देवळापाशी, तांब्या भरून."