न उमटणारा अंगठा

दातांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना रबरी हातमोजे बाधले होते. महिनाभर बोटांची सालं निघत होती, पण नोकरीच्या धास्तीने त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी अंगठ्यावर रेघसुद्धा उरली नाही आणि हजेरीच्या मशीनने त्यांना ओळख दाखवणंच सोडलं.

"मॅडम, सलग तीन दांड्या. उद्या चौथी पडली की नाव कटणार," हजेरी बघणारे काका म्हणाले.

"अहो काका, काल तुमची दाढ मीच काढली ना!"

काकांनी मशीनची यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली. मग गाल धरून ते मटकन खाली बसले.

"काल तर तुम्ही नव्हताच, मॅडम. मग माझी दाढ नेली कुणी?"