धूरखोली

सरहद्दीपलीकडून आलेल्या मास्कवाल्याने भाषण घोकून पाठ केलं होतं. पहिली चार वाक्यं त्याने खणखणीत म्हटली. मग खरेदी समितीच्या सचिवांनी मध्येच विचारलं, "नळी फाटली तर बदलून कधी द्याल?" आणि गडी अडकला. त्याने घाम पुसला, हात जोडले आणि भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. समिती खो खो हसली.

बंबखान्याचे साहेब मात्र हसले नाहीत. त्या माणसाने आणलेला मास्क त्यांच्या मांडीवर होता. हलका, कडा मऊ, चेहऱ्याला घट्ट बसणारा, आणि वर स्वस्त. गेल्या आगीत त्यांची दोन माणसं जुना मास्क तोंडावर असतानाच गुदमरून गेली होती. त्याच तुकडीत आता त्यांचा जावई होता.

"दुभाषा द्या ना त्याला," साहेब म्हणाले.

"अट आहे, साहेब. विक्रेत्याने स्वतः बोलायचं, राजभाषेत, दुभाष्याविना. निम्म्याहून जास्त गुण त्यालाच." सचिवांनी चष्मा वर सरकवला. "परदेशी मालाला आपली ना नाही. दार सताड उघडं आहे. फक्त आत येऊन बोलता आलं पाहिजे."

म्हणे दार उघडं! ही अट जुन्या मास्कवाल्याच्या सोयीसाठी घातली होती, हे शेंबडं पोरही सांगेल. तो तिथेच बसला होता, पायावर पाय टाकून.

पाहुण्याने साहेबांच्या बाहीला हात लावला आणि खिडकीबाहेर बोट केलं. आवारात बंबखान्याची धूरखोली होती. जवानांच्या सरावासाठी तिच्यात धूर कोंडतात. साहेबांना कळलं. ते त्याला खाली घेऊन गेले, ओली पोती पेटवली आणि मास्क चढवून तो आत गेल्यावर दार लावून घेतलं. समितीने थोडा वेळ खिडकीतून पाहिलं, मग चहा आला. चहा संपला, गप्पा संपल्या, तरी तो आतच. शेवटी साहेबांचाच जीव खालीवर झाला आणि त्यांनी दार उघडलं. गडी बाहेर आला, काच पुसली, मास्क काढला आणि हसला. साधा खोकलाही नाही!

दोघे वर आले. "धुरात बसला, मान्य," सचिव म्हणाले. "पण बोलला का?"

मग जुना मास्कवाला उभा राहिला. काय बोलला, काय बोलला! मातृभाषा, माती, जवानांचं शौर्य. गेलेल्या दोघांची नावं तर त्याने डोळे मिटून, हात जोडून घेतली. एका सदस्याने डोळे टिपले. साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"एकदा धूरखोलीत बसून दाखवता?" त्यांनी विचारलं.

"अहो, मी पडलो विकणारा माणूस. तुमच्यासारखी छाती आमची कुठली?"

पुन्हा सगळे हसले.

जुन्या मास्कवाल्याला पैकीच्या पैकी गुण पडले. सह्यांचा कागद फिरत फिरत साहेबांपुढे आला. त्यांच्या एकट्याच्या सहीवाचून काही अडणार नव्हतं. पण निवृत्ती तोंडावर आलेली, आणि पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेतो? स्वतःची लाज वाटली त्यांना, फार वाटली. तरी सही केली. पाहुणा आपला मास्क पेटीत नीट गुंडाळून ठेवत होता. त्याच्याकडे न बघता ते जिना उतरले.

खाली जावई बंब धूत होता. सासऱ्यांना पाहून त्याने नळ बंद केला.

"मामा, ठरले का नवे मास्क?"

"ठरले."

"कसे आहेत?"

साहेबांनी बंबाच्या ओल्या पत्र्यावर हात टेकला.

"विकणारा फार छान बोलतो," ते म्हणाले.