बाईंचा 'एक'

"हा भाग नाही, गाळ आहे," बाई म्हणाल्या आणि नळी मास्तरांच्या पुढ्यात सरकवली. "तिसऱ्यांदा आणलात, तिसऱ्यांदा तेच. शून्य पूर्णांक चार."

मास्तर एका लहानशा कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. पाण्यात शिसं असलं की जागा होणारा एक जनुकीय तुकडा त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी जिवाणूतून काढला होता. बाईंच्या संस्थेत असे तुकडे तपासून त्यांचे प्रमाणित भाग बनत. टोकं सगळ्यांची सारखी, म्हणजे कुणाचाही भाग कुणाच्याही भागाला नटबोल्टसारखा बसावा. ताकद मोजायची ती बाईंच्या नमुन्याशी ताडून. हा नमुना सहा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः घडवला होता. तो घातलेले जिवाणू हिरवे चमकायचे आणि त्या चमकेला 'एक' म्हणायचं. आलेल्या भागाची चमक त्याच्या निम्म्याच्या खाली गेली की भाग बाद.

बाद करण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. लोक महिनोन्महिने राबून भाग पाठवायचे, बाई एका शब्दात निकाल लावायच्या. गाळ. भंगार. अलीकडे तर काही चांगलं येतच नव्हतं. लोकांना कामच नको, असं त्या जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवायच्या.

"मॅडम, एक विचारू?" मास्तर जागचे हलले नाहीत. "पाच वर्षांपूर्वी तुम्ही पाठवलेला नमुना आमच्या फ्रीजरात आहे. यंदाही तुम्ही एक पाठवलात. यंदाचा दुपटीहून जास्त चमकतो."

"तुमच्या फ्रीजरात लोक आइस्क्रीम ठेवत असतील, मास्तर."

शेजारी उभी असलेली मदतनीस मुलगी फिसकन हसली. बाईंना आणखी चेव आला.

"नाही, थांबाच तुम्ही. तुमच्या डोळ्यांदेखत मोजते. म्हणजे चौथ्यांदा यायचे कष्ट वाचतील."

फ्रीजरच्या सर्वांत खालच्या कप्प्यातून त्यांनी आपल्या नमुन्याची पहिली, कधीच न उघडलेली नळी काढली. ती, रोजच्या वापरातला नमुना आणि मास्तरांचा भाग, तिन्ही शेजारी शेजारी वाढायला ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्या विभागाला मशीनभोवती बोलावलं. मास्तर कोपऱ्यात, पिशवी पोटाशी धरून उभे होते.

"बघा रे, कॉलेजातून आलेत आपल्याला शिकवायला," बाई म्हणाल्या आणि बटण दाबलं.

आकडे पडद्यावर आले. पहिल्या नळीतल्या नमुन्यापेक्षा रोजचा नमुना अडीचपट चमकत होता. मास्तरांचा भाग पहिल्या नळीच्या बरोबरीला होता. अगदी तंतोतंत 'एक'.

बाईंनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा तेच.

"किती बाद केले आपण?" त्यांनी विचारलं. 'मी' म्हणायला जीभ वळली नाही.

"तीनशे बारा," मदतनीस मुलगी हळूच म्हणाली.

मास्तर पुढे आले. आता हा माणूस उट्टं काढणार, म्हणून बाईंनी अंग आवळून घेतलं. पण त्यांच्या आवाजात विजय नव्हता, थकवा होता.

"पहिल्यांदा बाद झाला तेव्हा आम्ही सात जण होतो, मॅडम. दुसऱ्यांदा बाद झाल्यावर पाच मुलींनी हे कामच सोडलं. आपल्याला जमत नाही म्हणाल्या. मीही त्यांना थांबवलं नाही. मलाही तेच वाटलं होतं. पण तुमच्यासारख्यांच्या हातून हे झालं कसं?"

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. बाईंना मात्र कळलं होतं.

"नमुना संपत आला की दर वेळी नवा वाढवावा लागतो," त्या खाली बघत म्हणाल्या. "प्लेटवर जिवाणूंचे शेकडो ठिपके उगवतात. त्यातला एक उचलायचा. ते काम मी दुसऱ्या कुणाच्या हाती कधी दिलं नाही. सगळ्यांत जास्त चमकणारा ठिपका मी उचलायचे. बाकीचे मंद दिसायचे, म्हणून फेकून द्यायचे."

त्यांनी मान वर केली.

"ते मंद नव्हते, सर. ते बरोबर होते."