कुणीच न वाचलेले कपाट

समितीचा अहवाल सांगत होता, ‘कपाट क्रमांक नऊमधील प्रेमकादंबऱ्या महाविद्यालयात कुणीही वाचत नाही, त्या आजच रद्दीत काढाव्यात.’ ग्रंथपाल हेमांगी टिपरे यांनी तो आदराने वाचला. न वाचलेल्या पुस्तकांचे पुठ्ठे इतके कसे झिजतात, हे मात्र त्यात नव्हते. दाराशी रद्दीवाला ताटकळत होता.

“बाई, सही करा,” समितीप्रमुख राजोपाध्ये सर गुरगुरले. “मुली बिघडतात यानं.”

“कुणी वाचत नसताना?” हेमांगीबाईंनी एका कादंबरीतले कार्ड पुढे सरकवले. पुस्तक नेणाऱ्याची सही त्यावर सहा वेळा होती. सहाही वेळा राजोपाध्यांचीच.

सरांनी अहवाल घडी करून खिशात घातला. खाली बघत म्हणाले, “सातव्यांदा नेलं ते सही न करताच, बाई. शेवटी ती त्याला हो म्हणते ना, ते वाचल्याशिवाय करमत नाही.”