प्रत्यक्ष गायलं तर चालेल

"लग्नाच्या व्हिडिओत हे गाणं घालता येणार नाही," हॉलचे मॅनेजर कुवाबारासान कमरेत वाकून म्हणाले. "रेकॉर्ड कंपनी परवानगी देत नाही."

"अहो, पण गायलंय माझ्या बाबांनीच! हे काय, शेजारी बसलेत," नवरी चिहाया वैतागली.

"आवाज त्यांचा, पण रेकॉर्ड कंपनीची. माफ करा." ते पुन्हा वाकले. मग एकदम त्यांचा चेहरा खुलला. "पण लग्नात कुणी माइकवर प्रत्यक्ष गायलं, तर आमच्या हॉलला परवानगी आहे! मग बाबाच गातील की!"

बाबांनी हसून गळ्याचा रुमाल सोडला. स्वरयंत्र काढलेल्या ऑपरेशनचं भोक दिसलं.

कुवाबारासान तिसऱ्यांदा वाकले. या वेळी त्यांना वर बघवेना.